मनातले मांडे आणि बऱ्हाणपूरचे मांडे

‘मनात मांडे, पदरात धोंडे’ ही म्हण कोणीतरी शनिवार-रविवारची सहल फसल्यावरच काढली असावी. आमची पहिली बऱ्हाणपूरवारी तरी अगदी तिच्या मापाने झाली. आमच्या सुलतानपूरहून नऊला निघालो, भूक नसताना अकरा वाजता एका ढाब्यावर ‘आता थांबलोच आहोत तर’ म्हणून पोटभर जेवलो आणि दोन-अडीचला तापीच्या पुलावर पोचलो. शनिवार असल्याचं तेव्हा लक्षात आलं. मारुतीचा वार, त्यामुळे गाडीतल्या पाचांपैकी तिघांना मटण चालत नव्हतं. जिलबी घेतली ती सकाळची, पाक गोठलेली. संध्याकाळी परत फिरलो, तर राजूर घाटात धुकं आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर. घरी साडेअकराला पोचलो तेव्हा आईने विचारलं, "काय खाल्लं रे तिकडं?" सांगण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर तीनदा गेलो आणि आता घडी बसली आहे. लोणार-मेहकर भागातल्या कोणाला दोन दिवस गाडी काढून नुसतं खायला जायचं असेल, तर आमच्या फजितीचा उपयोग व्हावा म्हणून हे लिहितो.

आधी, बऱ्हाणपूरच का? आपल्याकडून जवळचं आणि खऱ्या अर्थाने सीमेवरचं शहर तेच. नकाशात ते मध्य प्रदेशात आहे, पण या सीमेचं वय फार नाही. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपला बुलढाणा जिल्हा आणि बऱ्हाणपूर ज्यात होतं तो निमाड जिल्हा, दोन्ही एकाच राज्यात होते आणि राजधानी होती नागपूर. त्याच्याही मागे गेलं तर बऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांच्या खानदेशची राजधानी. त्यामुळे सीमा ओलांडली की ताट एकदम बदलतं असं होत नाही. मिरची तीच, भाकरी तीच, वांगं तेच. त्यावर मोगलाईची साय चढलेली असते, आणि ती साय चाखायला जायचं. रस्त्यावरच्या पाट्यांवर मात्र ‘बुरहानपुर’ शोधा. आपला ‘बऱ्हाणपूर’ हा उच्चार तिथले जुने मराठी लोक अजून करतात.

आता आखणी. प्रेक्षणीय स्थळांची यादी करून मध्ये जेवण कोंबलं की सहल फसते. उलटं करायचं. दोन दिवसांत माणसाला नीट भूक लागते ती फार तर पाच वेळा. या पाच भुका कुठे खर्चायच्या ते आधी ठरवा, मग त्यांच्यामधला रस्ता आणि इमारती. आमचा हिशेब असा: शनिवारी सकाळची भूक शेगावला, दुपारची मुक्ताईनगरला, रात्रीची बऱ्हाणपूरच्या बाजारात, रविवारी सकाळची अर्धीच वापरायची आणि दुपारची पूर्ण भूक मांड्यांसाठी राखून ठेवायची.

यात वारांचा हिशेब आहे, आणि तो आपल्याकडे सोडून चालत नाही. शनिवारी बऱ्याच घरांत सामिष बंद. शिवाय मांसाहार करून शेगावला दर्शनाला जाणं अनेकांच्या मनाला पटत नाही. म्हणून शेगाव जाताना करायचं, येताना नाही. आधी दर्शन आणि कचोरी, मग मुक्ताई, मग सीमा, आणि रस्सा-मटणाला रविवार. गाडीत कोणाचा गुरुवार-शनिवार काय आहे, कोणाला एकादशी आहे, हे पेट्रोल भरायच्या आधी विचारा. चातुर्मास आणि श्रावण पाळणारे असतील तर बेत दिवाळीनंतरच करा.

निघायचं पहाटे पाचला. समृद्धी महामार्गाचा मोह सोडा. मेहकरला चढता येतं खरं, पण ती सडक पूर्व-पश्चिम धावते आणि आपल्याला उत्तरेला जायचं आहे. मेहकरहून जानेफळमार्गे खामगाव गाठायचं आणि तिथून शेगाव. आषाढी करून गजानन महाराजांची पालखी याच वाटेने परतते. त्या दिवसांत गाडी या रस्त्याला घालू नका. घातली तर मग पालखीच्याच चालीने चला. एरवी साडेसात-आठपर्यंत शेगावात पोचता येतं. गुरुवार-रविवारच्या मानाने शनिवारी मंदिरात गर्दी कमी असते, तरी दर्शनाला दीड तास धरा.

मग कचोरी. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी शेगाव स्टेशनवर ती सुरू केली, आणि आज तिची पाटी पुण्या-मुंबईत दिसते. ती गरमच खायची, सोबत तळलेली हिरवी मिरची. नियम एकच: माणशी दोन. तिसरी उचललीत तर दुपारच्या जेवणाचा बळी गेला. पार्सल तर घेऊच नका. "गाडीत लागेल" म्हणून घेतलेली कचोरी गाडीत लागत नाही, तिने मळमळतं.

शेगावहून नांदुरा, मलकापूर. इथे आपण घाटाखाली असतो. बुलढाणा जिल्ह्यात ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ हा भेद सोयरिकीपासून मतदानापर्यंत सगळीकडे चालतो, तसा तो ताटातही आहे. मलकापूर सोडलं की बुलढाण्यापेक्षा जळगाव जवळचं वाटायला लागतं. भाजीत शेंगदाणा आणि खोबरं वाढतं, आणि उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी दिसू लागते. नांदुऱ्याचा उंच हनुमान महामार्गावरूनच दिसतो, त्यासाठी वेगळं थांबायची गरज नाही. शनिवारच आहे, गाडीतूनच हात जोडा.

दुपारचं जेवण मुक्ताईनगर परिसरात. हिवाळा असेल तर डोळे झाकून वांग्याचं भरीत. खानदेशी भरताचं वांगं मोठं, हिरवट, बिया कमी असलेलं असतं आणि ते काटक्यांच्या जाळावर भाजतात. गॅसवर भाजलेल्याला तो धूर येत नाही. उन्हाळ्यात हे वांगं मिळालं तरी चव उतरलेली असते, तेव्हा शेवभाजी घ्या. ढाबा कसा निवडायचा? ट्रक किती उभे आहेत ते पाहू नका, ट्रकवाले पार्किंगच्या जागेसाठीही थांबतात. आजूबाजूच्या गावचे लोक दुचाकीवरून येऊन डबा भरून नेत असतील तिथे बसा. आणि ऑर्डर देताना तिखटाचं आधी बोला. "मध्यम" म्हणजे त्यांचं मध्यम. आपण वऱ्हाडातले असलो तरी हे शब्द माझ्या धाकट्या बहिणीच्या डोळ्यांतल्या पाण्याने लिहिले आहेत.

जेवणाआधी की नंतर हे तुमच्यावर, पण जवळच कोथळीला मुक्ताबाईच्या दर्शनाला जाच. 1297 मध्ये याच तापीकाठी वीज कडाडली आणि मुक्ताई अंतर्धान पावली अशी वारकऱ्यांची श्रद्धा. एदलाबाद या जुन्या नावाचं मुक्ताईनगर तिच्यावरूनच झालं. आपल्या सहलीशी तिचा संबंध मात्र आणखी वेगळा आहे, आणि तो मांड्यांचा आहे. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मांडे भाजायला खापर लागतं. या भावंडांचा द्वेष करणाऱ्या विसोबाने कुंभारांना दम भरला, या पोरांना खापर द्यायचं नाही. मुक्ताई रिकाम्या हाताने घरी आली तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने पाठ तापवली आणि तिने त्या पाठीवर मांडे भाजले. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, चित्रातही पाहतो. पण मांडा प्रत्यक्ष केवढा असतो, तो खापरावर का भाजावा लागतो, हे घाटावरच्या आपल्या पोरांना बहुधा ठाऊक नसतं. खानदेशात तो अजून होतो: पुरण भरलेला, हातावर पसरत पसरत हातभर केलेला, पालथ्या खापरावर टाकलेला. तव्यावर तो मावत नाही, म्हणून खापर. आता तापीच्या वरच्या अंगाला पस्तीसेक किलोमीटर गेलं की बऱ्हाणपुरात याच नावाचा दुसरा पदार्थ भेटतो. त्यात पुरण नसतं, मैद्याचं सैल पीठ असतं आणि खापराच्या जागी लोखंडी कढई पालथी असते. गाडीत मुलं असतील तर ही गोष्ट कोथळीलाच सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी ती मांड्याकडे निराळ्या डोळ्यांनी बघतात.

सीमा इच्छापूरजवळ लागते. लागते म्हणजे कळत नाही. दुकानांच्या पाट्या हळूहळू हिंदी होतात, देवनागरी तीच. एमएच-28 ची खासगी गाडी असेल तर वेगळा परवाना लागत नाही. नोंदणी, विमा, पीयूसी आणि लायसन्स एवढं असू द्या, डिजिलॉकरमध्ये असलं तरी चालतं. मात्र पिवळ्या पाटीची भाड्याची गाडी करणार असाल तर मध्य प्रदेशचा कर आणि परवाना कोण भरणार ते मालकाशी गावातच बोलून घ्या, नाहीतर सीमेवर चालक तुमच्याकडे बघतो आणि तुम्ही चालकाकडे. पलीकडे पेट्रोल स्वस्त मिळेल या आशेवर टाकी रिकामी नेऊ नका. जाणं-येणं आणि गावातली फिराफिर मिळून साडेचारशे किलोमीटर धरा. लिटरला पंधरा देणारी गाडी असेल तर तीस लिटर.

बऱ्हाणपुरात चार-साडेचारला पोचलात की पहिलं काम खोली. मध्य प्रदेश पर्यटनाचं ‘ताप्ती रिट्रीट’ आहे, स्टेशनकडे आणि बाजारात साधी लॉजही आहेत. शनिवारची खोली आधी फोन करून ठेवा आणि गाडी आत लागते का हे त्या फोनवरच विचारा. जुनं शहर तटबंदीतलं आहे. शनवारा दरवाजातून आत गेलं की गल्ल्या अरुंद, त्यात रिक्षा, हातगाड्या आणि यंत्रमागाचं कापड वाहणारे टेम्पो. आमच्या मामेभावाने हट्टाने कार आत घातली आणि आरसा गमावला. गाडी लॉजवर सोडा, पायी जा किंवा रिक्षा करा.

संध्याकाळी गांधी चौकाकडे निघा. जामा मशिदीजवळून जाल तर क्षणभर थांबा: 1590 च्या सुमाराच्या या मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख आहे. नमाजाची वेळ टाळून, डोकं झाकून, परवानगी विचारून आत जाता येतं. पण आपण आलोय मावा जिलबीसाठी. ही जिलबी बघून पहिल्यांदा माणूस दचकतो. आपल्या केशरी, कुरकुरीत जिलबीशी तिचं काही नातं लागत नाही. खवा मळलेल्या घट्ट पिठाची, जाड, मंद आचेवर तळत काळपट तपकिरी केलेली. चवीला गुलाबजामाच्या जवळची. रमजानात मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर लोक रांगा लावून जी खातात, तिच्यावर ‘बुरहानपुरी’ असंच लिहिलेलं असतं. एकच सूत्र लक्षात ठेवा: कढई चालू असेल त्या दुकानातून घ्या. काचेमागचा ढीग कितीही चकाकत असो. खवा नासका आहे का, हे वासावरून कळतं; उन्हाळ्यात शंका आली तर सोडून द्या. पाव किलोत चौघांचं भागतं. आणि जिलबी जेवणानंतर नाही, जेवणाच्या जागी खा. सात वाजता जिलबी, नऊ वाजता वाटलं तर साधी दाल-रोटी आणि ताक. शनिवार पाळणाऱ्यांचीही यात कुचंबणा होत नाही.

मधुमेही मंडळी असतील तर त्यांना "एकाने काय होतं" म्हणू नका. त्यांच्यासाठी केळ्याचे वेफर्स आहेत, रावेरपासून बऱ्हाणपूरपर्यंत हा सगळा पट्टा केळीचाच. बरोबर ओवा, सैंधव, ताकाची सोय आणि रोजच्या गोळ्या गाडीच्या डिकीत न ठेवता हाताशी ठेवा.

रविवारची सकाळ ही या सहलीतली सर्वात धोक्याची वेळ. मध्य प्रदेशात सकाळ म्हणजे पोहे-जिलबी, वर शेव आणि कांदा. वास येतो आणि हात पुढे जातो. एक बशी दोघांत. आता जी भूक वाचेल तीच दुपारी कामाला येणार.

हा वेळ चालण्यात घालवा. शाही किल्ला पाहायचा की कुंडी भंडारा, यातलं एकच निवडा असं माझं मत. शाहजहानची मुमताज जून 1631 मध्ये बऱ्हाणपुरातच गेली आणि सहा महिने नदीपलीकडे आहुखान्यात तिचं दफन होतं, हे ऐकून लोक किल्ल्यातला हमाम बघायला धावतात. मला कुंडी भंडारा जास्त खरा वाटतो. 1615 च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान सुभेदार असताना, सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उतारावर शहरात आणलं. वर शंभरावर विहिरींसारख्या कुंड्या, हवा आणि सफाईसाठी. पंप नाही, मोट नाही. लोणारच्या धारेजवळ वाढलेल्या, पण उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला ते पाहून काय वाटतं ते मी इथे लिहीत बसत नाही. खाली उतरायची सोय त्या दिवशी चालू आहे का, हे लॉजवरच विचारून निघा. इतिहासाचा किडा असलेल्यांसाठी आणखी एक: पुरंदरच्या तहाचा मिर्झाराजा जयसिंग 1667 मध्ये इथेच मेला, आणि त्याची छत्री शहराबाहेर तापीकाठी आहे.

साडेबाराला मांडे. आता कारागिराला बघता येईल अशा जागी बसा, कारण अर्धी मजा बघण्यात आहे. मैद्याचा गोळा दोन हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत पसरत जातो. आरपार दिसायला लागला की पालथ्या कढईवर झपकन टाकतात. क्षणात फोड येतात, रुमालासारखी घडी होते आणि ताटात पडते. हाताने फाडून कोर्म्यात किंवा खिम्यात बुडवायचा. तो गरम असतानाच मऊ असतो. दहा मिनिटांत चिवट होतो, म्हणून सगळ्यांचे एकदम मागवू नका, दोन-दोन करत येऊ द्या. सोबतचा रस्सा आपल्या तर्रीपेक्षा सौम्य, मसाला भाजका, तेल कमी. "जरा तिखट करा" म्हणून सांगू नका, त्याने तोल जातो. हिरवी मिरची बाजूला मागा. दुकान निवडताना हात धुवायची जागा आणि मटणाचं भांडं झाकलेलं आहे का हे दोन पाहिलं की पुरे. रमजान महिन्यात अशी बरीचशी दुकानं दिवसा बंद असतात आणि संध्याकाळी भरभरून उघडतात, तेव्हा सगळी आखणी रात्रीवर न्यावी लागते.

शाकाहारी लोकांनी नाराज व्हायचं कारण नाही. मांडा तूप-साखरेबरोबर घ्या असं एका आजीबाईंनी आम्हाला सुचवलं होतं, आमच्या वहिनींनी खाल्ला आणि मग आमच्या ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. उन्हाळ्यात आमरसाबरोबर लावून पाहायचा माझा बेत आहे, अजून जमलेला नाही. त्या दिवसांत तापीखोऱ्यात बाहेर पडण्याची हिंमत लागते. जायला खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

घरी न्यायला जिलबी घेऊ नका. न्यायचा तो दराबा. बारीक रवा, तूप आणि पिठीसाखर फेसून फेसून हलकी केलेली ही मिठाई. पाक नाही, खवा नाही, त्यामुळे दोन-चार दिवस बिनधास्त टिकते. दाबलं तर भुगा होतो, म्हणून डबा डिकीत सर्वात वर. शेजारच्या दोन घरांचाही हिशेब धरून घ्या. सुलतानपुरात गाडी दोन दिवस दारात नसली की लोकांना कळतंच.

अडीचला निघालंच पाहिजे. मुक्ताईनगर, मलकापूर, मोताळा, राजूर घाट, बुलढाणा, चिखली, मेहकर: हा परतीचा रस्ता जाण्याच्या वाटेपेक्षा लहान, पावणेदोनशेच्या आसपास. सगळं गणित घाटावर बेतलं आहे. उजेड असताना तो चढून बुलढाण्यात आलं पाहिजे. जेवण जड झालेलं असतं, म्हणून ज्याने मांडे सर्वात कमी खाल्ले त्याच्या हाती स्टिअरिंग द्या, आणि तो कोण हे जेवायला बसण्याआधीच ठरवा. मलकापूरला एक चहा. झोप येत असेल तर तिथेच वीस मिनिटं काचा थोड्या उघड्या ठेवून पडा. घाटात गाडी बाजूला घ्यायला जागा शोधत बसू नका. बुलढाण्यात वर आलं की हवा एकदम गार लागते आणि पुन्हा आपल्या मुलखात आल्यासारखं वाटतं.

रात्री आठच्या सुमारास घर. स्वयंपाकाची अपेक्षा कोणाकडून ठेवू नका, निघायच्या आधी सांगून ठेवलेली ज्वारीची भाकर आणि पिठलं असलं तर उत्तम. मागच्या खेपेला आईने तेवढंच वाढलं, दराब्याचा डबा उघडला, चिमूटभर तोंडात टाकला आणि म्हणाली, "तूप बरं आहे. पण पुढच्या वेळी मला घेऊन चला, मुक्ताईला जायचंय."